कुंडीतील बहुवर्षायू फुलझाडे (कोकण किनारा)

एकदा लावल्यावर दोन वर्षांहून अधिक जगणारी, हंगामागून हंगाम फुलणारी झाडे जमिनीऐवजी कुंडीत, डब्यात किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपात वाढवण्याची पद्धत. मोगरा, जास्वंद, अनंत, तगर, अबोली, बोगनवेल आणि कलमी सोनचाफा ही कोकणातल्या कुंड्यांमधली नेहमीची मंडळी. झेंडू, तेरडा यांसारखी हंगामी झाडे यात धरत नाहीत.

परसात एवढी जागा असताना कुंडी कशाला, असे देशावरचा पाहुणा हमखास विचारतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, घरांना याचे उत्तर पायाखालीच असते. जांभ्याच्या कातळावर वीतभर माती नसते, पहारीने खड्डा पाडला तरी माती बाहेरून आणून भरावी लागते. खाडीकाठी माती आहे, पण पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि काही ठिकाणी ते मचूळ असते. शिवाय मोकाट गुरे आणि वानर. वानरांना जास्वंदीच्या कळ्या फार आवडतात. कुंडी निदान पडवीच्या गजांआड घेता येते.

या किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दुष्काळी भागात कुंडीला पाणी पुरवायची चिंता, इथे चार महिने ते बाहेर काढायची. म्हणून तळाला एका भोकावर भागत नाही, चार-पाच तरी हवीत. त्यांवर फुटक्या कौलाचे तुकडे उपडे मांडतात आणि कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवतात. खालच्या ताटल्या जूनमध्येच काढून टाकाव्यात. त्यांत मुळे कुजतात आणि डासही होतात. ओटीच्या कडेने रांगेत मांडलेल्या कुंड्या दिसायला छान, पण ती नेमकी पागोळ्यांची जागा. धारेखाली माती खणली जाते, खत वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात.

माती भरताना दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग काथ्याचा भुसा हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. नुसती लाल माती सुकल्यावर घट्ट बसते. काथ्याच्या ताज्या भुशात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून भिजवून, पिळून घ्यावा. जांभ्याची माती आम्ल असते आणि अनंत, एक्झोरा यांना ती मानवते. याच झाडांची कोवळी पाने हिरव्या शिरा राखून पिवळी पडू लागली, तर आधी कुंडी कशाची आहे ते पाहावे. नव्या सिमेंटच्या कुंडीतला चुना मातीत उतरतो आणि लोह असूनही मुळांना ते मिळत नाही.

मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटीवर. त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस पाणी कमी करून झाडाला विश्रांती देतात आणि डिसेंबर-जानेवारीत निर्धास्तपणे छाटतात. दर दोन-तीन वर्षांनी याच वेळी कुंडीही बदलतात. कुंडी आडवी करून कडेने थापटली की मातीचा गोळा अखंड बाहेर येतो. तळाशी मुळे गोल गोल फिरून चटईसारखी विणलेली असतात. तो थर दोन बोटे जाडीचा, सुरीने सरळ कापून टाकतात, कडेची मुळेही थोडी छाटतात आणि नवी माती घालून झाड त्याच कुंडीत परत बसवतात. बारा इंची कुंडी मोगऱ्याला वर्षानुवर्षे पुरते ती या कापाकापीमुळे. पाणी पुन्हा सुरू केले की फुटवे येतात आणि मार्चपासून गजऱ्यापुरत्या कळ्या मिळू लागतात.

अडेनियम आणि सदाफुली पावसात उघड्यावर ठेवल्या तर बुडातून कुजतात, त्यांना छपराखाली घ्यावे लागते. बोगनवेलीला पाऊस चालतो, पण त्या काळात ती नुसती पाने वाढवते; माती कोरडी पडू लागली की रंगते. कंदांचे वेळापत्रक वेगळे. भुईचाफा उन्हाळ्याच्या शेवटी पानांआधीच मातीतून फुले वर काढतो, फुटबॉल लिली मे महिन्यात फुलते आणि दोघांची पाने थंडीत वाळून जातात. मग कुंडी रिकामी दिसते, घरातले कोणीतरी तिच्यात मिरचीचे रोप लावते, रोज पाणी घालते आणि कंद कुजतात. कुंडीवर खूण असलेली बरी.

समुद्राला लागून असलेल्या घरांत खारा वारा गुलाबाच्या पानांच्या कडा जाळतो. तिथे कण्हेर, देवचाफा, बोगनवेल तग धरतात. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत, लहान मुले असतील तर ती नकोच. वादळी वाऱ्यानंतर पाने गोड्या पाण्याने धुतली तर नुकसान कमी होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले. अशा वेळी आदल्या दिवशी आत घेता येणे, हा जमिनीच्या तुलनेत कुंडीचा मोठा फायदा.

भर पावसात खत देणे म्हणजे ते गटारात ओतणे. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस एकदा आणि छाटणीनंतर एकदा देतात. मासे धुतलेले पाणी झाडांना घालण्याची रीत घरोघरी आहे. ते उपयोगी पडते, मात्र मांजर माती उकरते. सुक्या मासळीचे खारट पाणी मात्र घालू नये. ऑक्टोबरच्या उन्हात कुंड्या सर्वाधिक दगावतात, कारण चार महिने पाणी घालायची सवयच सुटलेली असते.

गणपतीला उघडून शिमग्यापर्यंत बंद राहणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत कुंड्या उत्तरेच्या भिंतीलगत जवळजवळ ठेवतात आणि मातीवर नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पसरतात. शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा पाणी घातले तर देवचाफा आणि बोगनवेल तेवढ्यावर निभावून नेतात. अनंत आणि अबोलीला ते पुरत नाही.