औषधांच्या खिडकीमागचं गणित

तासगाव-पलूसच्या पट्ट्यात फवारणीचा हंगाम लागला की विषबाधा झालेला एखादा पेशंट सांगली-मिरजेच्या दवाखान्यात येतोच. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीत घरघर. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरातलं एक एन्झाइम निकामी करतात. नसेकडून आलेला निरोप पोहोचला की तो पुसून टाकणं, हे या एन्झाइमचं काम. ते बंद पडलं की ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन साचत जातं, ग्रंथी पाझरतच राहतात आणि माणूस स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात गुदमरायला लागतो.

यावरचं ॲट्रोपिन तसं जुनं आणि स्वस्त औषध. त्याची लहान ॲम्प्यूल, म्हणजे फोडून वापरायची काचेची बंद कुपी, १ मिलिलिटरची, तिच्यात ०.६ मिलिग्रॅम औषध. उपचाराची रीत अशी, की पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी आणि बीपी बघायचं. फरक नसेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. छाती मोकळी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत हे चालू ठेवायचं.

आता हिशोब करा. तीन, सहा, बारा, चोवीस. पंधराव्या मिनिटाला ४५ ॲम्प्यूल संपल्या. अजून एक डोस लागला तर आणखी ४८, म्हणजे वीस मिनिटांत ९३. पेशंट सावरला तरी काम संपत नाही. जेवढं एकूण औषध लागलं, त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाइनमधून देत राहावं लागतं. म्हणजे ४५ वर भागलं, तरी पुढे तासाला साडेचार ते नऊ. रात्री दोन वाजता असे दोन पेशंट एकदम आले तर?

त्या रात्री ॲम्प्यूल कमी पडल्या नाहीत, तर त्यामागे दोन महिने आधी केलेली मागणी असते. मागच्या हंगामात किती लागलं, किती पेट्यांची मुदत संपत आली आहे, मोठी व्हायल मिळत असेल तर रात्रपाळीच्या सिस्टरांचे प्रत्येक ॲम्प्यूल फोडण्यातले सेकंद वाचतील का, हे सगळं पाहणारा माणूस कॅज्युअल्टीत दिसत नाही. तो स्टोअरमध्ये असतो, रुग्णालयाचा फार्मासिस्ट. आपण त्याला ‘मेडिकलवाला’ म्हणतो.

शिराळा-वाळव्याकडे हीच गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी आपली प्रतिविष लस बहुतेक ठिकाणी कोरड्या भुकटीच्या रूपात ठेवतात, कारण द्रवरूप लशीला सतत २ ते ८ अंशांचा फ्रिज लागतो आणि ग्रामीण रुग्णालयातल्या विजेचा भरवसा कुणी द्यायचा? सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल लागतात. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलिलिटर पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवायची. घुसळली की फेस होतो. पोर लहान म्हणून डोस कमी, असंही इथे चालत नाही. सापाने सोडलेलं विष माणसाचं वय बघून कमी होत नाही.

साठा हा फार्मासिस्टच्या कामाचा एक भाग. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी वापरला जातो. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध या एका माणसाच्या शरीराला किती, कसं आणि कशातून द्यायचं, याची दुसऱ्यांदा तपासणी.

जतकडून मिरजेत आणलेली ७५ वर्षांची एक आजी डोळ्यांसमोर आणा. वजन ४५ किलो. पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे. रक्ताचा रिपोर्ट सांगतो, क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर ते जवळपास नॉर्मल दिसतं, शेजारी लाल खूणही नसते. पण क्रिएटिनिन हा मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, तो स्नायूंतून येतो, आणि या वयात, या अंगकाठीत स्नायू उरलेले असतात किती? मूत्रपिंडं मंदावली तरी आकडा चढत नाही, कारण मुळात आवकच कमी. मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्तातून क्रिएटिनिन साफ करतात, याचा अंदाज बांधायला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली एक साधं सूत्र दिलं. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. आजीचं उत्तर येतं मिनिटाला साधारण २९ मिलिलिटर. तोच १.२ चा रिपोर्ट ३० वर्षांच्या, ७० किलोच्या मुलाचा असता तर उत्तर ८९ आलं असतं.

एनॉक्सापॅरिन हे पोटाच्या कातडीखाली टोचायचं, रक्त गोठू न देणारं औषध. गुठळीसाठी ते एरवी किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. उत्तर ३० च्या खाली गेलं की दिवसातून एकदाच. आजीला दोनदा दिलं असतं तर औषध अंगात साचत गेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीतून किंवा पोटात रक्तस्राव सुरू झाला असता आणि नातेवाइकांना वाटलं असतं, आजार बळावला. कॅल्क्युलेटरवर हा हिशोब अर्ध्या मिनिटाचा आहे. पण पन्नास पेशंटांचा राउंड घेणाऱ्या डॉक्टरकडे ते अर्धं मिनिट प्रत्येक औषधामागे असेलच, असं नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणाचं तरी ठरलेलं काम असायला हवं.

औषध कशातून द्यायचं, यातही जीव अडकलेला असतो. फिट थांबवणारं फेनिटॉइन ग्लुकोजच्या बाटलीत घातलं तर त्याचे स्फटिक बनतात. ते साध्या नॉर्मल सलाइनमधूनच द्यायचं, तेही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा सावकाश, नाहीतर बीपी कोसळतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. व्हॅन्कोमायसिनचा १ ग्रॅमचा डोस निदान तासभर चालला पाहिजे. घाईने सोडला की चेहरा आणि मान लाल होते, खाज सुटते. ही खरी ॲलर्जी नसते, वेगाची करामत असते. पण फाईलवर कुणी ‘ॲलर्जी’ लिहून टाकलं, की पुढच्या खेपेला जंतुसंसर्ग झाल्यावर एक चांगलं अस्त्र कायमचं हातचं जातं. ती नोंद खोडायला लावणारा फार्मासिस्ट मला नवं औषध सुचवणाऱ्याइतकाच मोलाचा वाटतो.

याचा फायदा मोजलेलाही आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका आयसीयूत ज्येष्ठ फार्मासिस्टला डॉक्टरांसोबत राउंडवर उभं केलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधं लिहिताना होणाऱ्या, टाळता येण्यासारख्या अपायांचं प्रमाण रुग्णांच्या दर हजार दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आलं. औषधं लिहिण्याबाबत फार्मासिस्टने ३६६ सूचना केल्या, त्यांतल्या ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. यातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. ‘डॉक्टरांना कोण शिकवणार’ हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप तिथे चार सूचनांपुरताच उरला.

आपल्याकडे फार्मसीचा कायदा १९४८ पासून आहे. रुग्णाच्या खाटेजवळ काम करता यावं म्हणून सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. रुग्णाला औषधाची नीट माहिती देणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं २०१५ च्या नियमांत लिहिलंय. प्रत्यक्षात मात्र बहुतेक दवाखान्यांत आपली भेट काचेच्या अर्धगोल भोकातून होते. चिठ्ठी आत, पिशवी बाहेर, मागे रांग. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीतूनही माणसं उपचारांना येत आली. इतक्या लांबून आलेल्या माणसाला डिस्चार्जच्या दिवशी औषधं समजावून सांगायला दहा मिनिटं मिळू नयेत, हे मला पटत नाही. परतीची गाडी गाठायची म्हणून तोही थांबत नाही, हे खरंच.

आणि त्या दहा मिनिटांत काय काय अडवता येतं! संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. शेजारच्या पाकिटात तिच्याबरोबरची फॉलिक ॲसिड. दोन्ही बारीक, बहुतेकदा दोन्ही पिवळ्या. ‘काकू, ही फक्त सोमवारी’ असं म्हणून पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून देणं, याला कुठलंही यंत्र लागत नाही.

इन्सुलिनचं तर सांगलीत काय नि साताऱ्यात काय, सारखंच. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बरंचसं मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून घरचं कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ओढतं आणि २० च्या रेघेपर्यंत भरतं. त्या रेघेला अर्धा मिलिलिटर असतं, म्हणजे टोचले गेले ५० युनिट, अडीच पट. पहाटे शुगर उतरते, माणूस उठत नाही. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं केशरी. खिडकीवर पिशवी घेताना बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा जुळवायला सांगा, मागे रांग असली तरी.

औषधाने अंगावर काही विपरीत उठलं तर तेही सांगता येतं. देशाचा औषध-दुष्परिणाम नोंदवण्याचा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच हवा असं नाही. पेशंट किंवा घरचं कुणीही कळवू शकतं. फोन करताना औषधाचं पाकीट हातात ठेवा, कारण त्यावरचा बॅच नंबर हवा असतो, आणि आपण कात्रीने पाकीट कापतो तेव्हा नेमका तोच भाग आधी कचऱ्यात जातो.