गेम कन्सोलची साठवणक्षमता : कोकण किनारपट्टीवरील निवड

टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलमध्ये खेळ, त्यांचे अपडेट, खेळाडूची प्रगती (सेव्ह) आणि खेळताना टिपलेल्या चित्रफिती कायम राहाव्यात म्हणून असलेली जागा. ती जीबी किंवा टीबीमध्ये (१ टीबी म्हणजे सुमारे १,००० जीबी) सांगतात. नवा कन्सोल किती जागेचा घ्यावा हे इतरत्र बहुधा किमतीवर ठरते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत मात्र घरातल्या इंटरनेटचा वेग आणि पावसाळा यांचा हिशेब त्याआधी करावा लागतो.

उगम : कन्सोलवरील साठवणीचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. १९७६ च्या फेअरचाइल्ड चॅनेल एफपासून खेळ सुट्या कॅसेटवर येऊ लागले, पण त्या कॅसेटवर काही लिहिता येत नसे. एका मतानुसार खरा आरंभ १९८६ मधील निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमपासून होतो, कारण तिच्या चकत्या पुन्हापुन्हा लिहिता येत. दुसरे मत साधारण त्याच सुमारास कॅसेटमध्ये बसवल्या जाऊ लागलेल्या, बटनसेलवर टिकणाऱ्या स्मृतीला मान देते. १९९० च्या निओ जिओचे काढता-घालता येणारे मेमरी कार्ड हा तिसरा दावेदार. यांपैकी बटनसेलच्या स्मृतीत आणि मेमरी कार्डात खेळाडूची प्रगती तेवढी राहत असे, खेळ नव्हे. पहिल्या प्लेस्टेशनच्या (१९९४) मेमरी कार्डात १२८ केबी म्हणजे १५ कप्पे होते, तर प्लेस्टेशन २ च्या कार्डात ८ एमबी. कारखान्यातूनच हार्ड डिस्क बसवून आलेला पहिला प्रमुख कन्सोल म्हणून २००१ च्या एक्सबॉक्सचा (८ जीबी) उल्लेख सर्वत्र आढळतो. तथापि त्यावरही खेळ मुख्यतः डिस्कवरूनच चाले. खरेदीच्या वेळी जागा निवडण्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर २०१३ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षीच्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांत डिस्क घेतली तरी खेळ आत उतरवून घेणे अनिवार्य झाले. डिस्क उरली ती मालकीचा पुरावा म्हणून.

कोकणातील बाजारपेठांत १९९० च्या दशकात ज्याला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, तो बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल असे. एका कॅसेटवर शेकडो खेळ आहेत असे वेष्टनावर छापलेले असे. तेच चार-सहा खेळ नावे बदलून पुन्हा येत. सेव्हची सोय क्वचितच असे, त्यामुळे लाईट गेली की पहिल्या पायरीपासून सुरुवात.

मोजमापाचा वाद : खोक्यावर १ टीबी लिहिलेले असते, पण संगणकाला तीच ड्राइव्ह जोडली की ९३१ जीबी दिसते. दुकानदार फसवतो असा समज यातून पसरला आहे. तो बरोबर नाही. हार्ड डिस्क बनवणारे टीबी म्हणजे १० चा १२ वा घात, अर्थात एक लाख कोटी बाइट धरतात. स्मृतीच्या चिपा मात्र २ च्या घातांनी वाढत असल्याने संगणकशास्त्रात १,०२४ च्या पटींत मोजण्याची सवय रुळली. केबीच्या पातळीवर दोन्ही मोजणींतला फरक सुमारे २.४ टक्के असतो, जीबीला ७.४ टक्के, तर टीबीला जवळजवळ १० टक्के. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग सुचवले. विंडोज मात्र आजही १,०२४ ने भागून उत्तरापुढे जीबीच लिहिते. ॲपलने २००९ पासून आपल्या संगणकांवर दशमान मोजणी स्वीकारली. ग्राहकाच्या दृष्टीने दशमान पद्धत सोयीची आणि उपसर्गांच्या मूळ अर्थाला धरून आहे, असे म्हणता येते.

प्लेस्टेशन ५ चा ८२५ हा चमत्कारिक आकडाही याच गणितातून निघतो. त्याच्या एसएसडीचा (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या साठवणीचा) नियंत्रक १२ वाहिन्यांनी चिपांशी बोलतो. प्रत्येक वाहिनीवर ६४ गिबीबाइट धरले तर ७६८ होतात, आणि ते दशमानात सुमारे ८२५ जीबी भरतात.

प्रत्यक्ष मिळणारी जागा : कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि राखीव भाग वजा जाता उरते ती. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या ८२५ पैकी सुमारे ६६७ जीबी खेळांसाठी मोकळी असते. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या १ टीबीतून सुमारे ८०२, तर सिरीज एसच्या ५१२ जीबीतून जेमतेम ३६४ जीबी हाती लागते. प्लेस्टेशन ५ च्या नंतरच्या स्लिम आवृत्तीत १ टीबी आणि प्रोमध्ये २ टीबी जागा आहे.

आजचा मोठा खेळ १०० जीबीच्या पुढे सहज जातो. सिरीज एसमध्ये असे तीन बसले की चौथ्यासाठी एक काढावा लागतो. प्लेस्टेशन ४ वर अपडेट चढवताना खेळाची दुसरी प्रत तयार होत असल्याने जवळपास तेवढीच जागा आणखी रिकामी लागते. हार्ड डिस्क भरलेली नसतानाही ‘जागा नाही’ असा संदेश येतो तो त्यामुळे.

कोकणातील विशेष : कमी जागेचा कन्सोल घ्यावा, नको तो खेळ पुसावा, हवा तेव्हा पुन्हा उतरवावा, हा सल्ला वेगवान फायबर गृहीत धरतो. ३० एमबीपीएसच्या (सेकंदाला ३० मेगाबिट) जोडणीवर १०० जीबी उतरायला साडेसात तास पुरतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा शहरांत हे जमते. खाडीपलीकडच्या किंवा डोंगरउतारावरच्या वाडीत जेथे मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार आहे, तेथे रोजच्या दीड जीबीच्या हिशेबाने त्याच खेळाला ६७ दिवस लागतात. गणपतीत सुरू केलेला डाउनलोड दिवाळी उलटल्यावर संपेल, आणि तोपर्यंत त्याचा अपडेट आलेला असेल! अशा घरी एकदा उतरवलेला खेळ पुसणे परवडत नाही. १ टीबी ही तेथे किमान मर्यादा समजावी. शहरातील फायबरधारकाला, त्यातही क्रिकेट-फुटबॉलपलीकडे फारसे न खेळणाऱ्याला, ५१२ जीबीवर भागवता येते.

यावर वाड्यांत सोयीची ठरणारी तोड म्हणजे चाकरमान्यांची. मुंबई-ठाण्याच्या फायबरवर खेळ यूएसबी हार्ड डिस्कवर उतरवायचे आणि गणपतीला किंवा मे महिन्यात येताना ती पिशवीतून आणायची. एक्सबॉक्समध्ये अशी डिस्क दुसऱ्या कन्सोलला लावता येते, मात्र खेळ ज्याच्या खात्यावर घेतला त्या खात्याने आत शिरावे लागते किंवा खेळाची मूळ डिस्क घालावी लागते. नव्या पिढीचे (प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीचे) खेळ यूएसबी डिस्कवर नुसते ठेवता येतात. खेळण्यासाठी ते आतल्या एसएसडीवर हलवणे भाग असते. ही हलवाहलव मिनिटांत होते. आधीच्या पिढीचे खेळ थेट बाहेरच्या डिस्कवरून चालतात.

सेव्हची बाब वेगळी. प्लेस्टेशन ५ च्या खेळांचे सेव्ह यूएसबीवर उतरवता येत नाहीत. त्यांची प्रत सशुल्क सदस्यत्व घेऊन क्लाउडवर (कंपनीच्या इंटरनेटवरील साठ्यात) ठेवावी लागते. आकार लहान असल्याने हॉटस्पॉटही त्याला पुरतो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत जे पाणी शिरले, ते पाहता नदीकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्याने हा खर्च टाळू नये.

जागा वाढवणे : प्लेस्टेशन ५ मध्ये सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून एम-डॉट-टू (लहान, चपट्या कार्डासारख्या) प्रकारची एसएसडी बसवता येते. तिचा वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक असावा, अशी कंपनीची शिफारस आहे. उष्णता वाहून नेणारी पट्टी अनिवार्य असून पट्टीसह जाडी ११.२५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. सुरुवातीला ४ टीबीपर्यंत असलेली मर्यादा २०२३ मध्ये ८ टीबीवर नेण्यात आली. एक्सबॉक्स सिरीजसाठी स्वतंत्र विस्तारपत्र (एक्सपान्शन कार्ड) लागते. निन्टेन्डो स्विचमध्ये (२०१७) आत ३२ जीबीच असून बाकी भिस्त मायक्रोएसडी कार्डावर आहे.

झाकण उघडून काम करायचे तर कोरड्या दिवसात करावे, पट्टीवरचे प्लास्टिक आवरण काढायला विसरू नये आणि स्क्रू घट्ट बसल्याची खात्री करावी. अपडेट चढत असताना लाईट गेल्यास माहिती बिघडू शकते, म्हणून पावसाळ्यात कन्सोल यूपीएसवर असलेला बरा. इन्व्हर्टर असल्यास तो वीज बदलताना किती झटकन भार घेतो ते आधी पाहून ठेवावे.