हायड्रोजनच्या नकाशामागची ऐंशी वर्षे

विश्वात सर्वाधिक आढळणारे मूलद्रव्य हायड्रोजन असले, तरी थंड, उदासीन अवस्थेत तो दृश्य प्रकाश देत नाही. १९४४ साली, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांच्या सूचनेवरून हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी दाखवून दिले की, या अणूतील इलेक्ट्रॉनची फिरकी प्रोटॉनच्या तुलनेत उलटली म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, अर्थात सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओलहरी बाहेर पडते. एकट्या अणूत हे आपोआप घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. अणूंची संख्या अफाट आहे म्हणूनच ती लहर आपल्याला ऐकू येते.

२५ मार्च १९५१ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात युएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी ती प्रथम टिपली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला त्यांचा शिंगाच्या आकाराचा अँटेना प्लायवूड आणि तांब्याच्या पत्र्याचा होता, आणि पाऊस आला की त्यात पाणी शिरत असे. तशाच पत्र्याच्या शिंगाला आज एक चांगला प्रवर्धक व संगणकाशी जोडलेला छोटा रेडिओग्राहक लावला, तर जळगाव किंवा धुळ्याच्या गच्चीवरूनही आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनची ही लहर टिपता येऊ शकते. आपल्या महाविद्यालयांनी हा प्रयोग अवश्य करावा.

आकाशगंगेपलीकडे मात्र अडचण सुरू होते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरची लहर ताणली जाते; सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर १४२० ऐवजी ७१० मेगाहर्ट्झला पोहोचते आणि अतिशय क्षीण असते. दूरच्या, म्हणजेच प्राचीन हायड्रोजनचा शोध हे गोविंद स्वरूप यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेल्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीचे एक मूळ उद्दिष्ट होते. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची, लहरी मात्र २१ सेंटिमीटर वा त्याहून लांब. त्यामुळे लहर परावर्तित होते, वारा आरपार जातो आणि बांधणीचा खर्चही आवाक्यात राहतो.

तरीही आपल्या आकाशगंगेसारखी एकेक दीर्घिका शोधून विश्वाच्या बृहत्संरचनेचा, म्हणजे दीर्घिका कुठे दाट आणि कुठे विरळ पसरल्या आहेत याचा, नकाशा पुरा होणे कठीणच होते. या टप्प्यावर विचाराची दिशा बदलली, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. सातपुड्याच्या माथ्यावरून रात्री तापीच्या खोऱ्याकडे पाहिले, तर दिवे मोजता येत नाहीत, पण उजेड कुठे दाट आणि कुठे विरळ आहे, एवढ्यावरून वस्तीचा अंदाज येतो. त्याचप्रमाणे दीर्घिका वेगळ्या न काढता आकाशाच्या मोठ्या तुकड्यातील हायड्रोजनची एकत्रित तीव्रताच मोजावी, या विचाराची पायाभरणी करणारा एक आरंभीचा शोधनिबंध सोमनाथ भारद्वाज, बिमन नाथ आणि शिव सेठी यांनी २००१ साली लिहिला. २०१० मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक दुर्बिणीच्या निरीक्षणांची दीर्घिकांच्या ज्ञात स्थानांशी सांगड घालून असा संकेत प्रथम मिळाला.

खोडदनेही निराळ्या वाटेने मोठा पल्ला गाठला. आदित्य चौधरी, निसीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान काढले.

नकाशाच्या वाटेतील मोठा अडसर म्हणजे आकाशगंगेचे स्वतःचे रेडिओ उत्सर्जन, जे हवे असलेल्या संकेतापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असते आणि अत्यंत काटेकोरपणे वजा करावे लागते. कॅनडातील चाइम दुर्बिणीने २०२२ मध्ये पुन्हा दीर्घिकांच्या नकाशाच्या आधाराने संकेत मिळवला. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीच्या २०२३ मधील निष्कर्षात मात्र तो आधार न घेता केवळ हायड्रोजनच्या तीव्रतेतील चढउतार मोजल्याचे जाहीर झाले. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइलचेही पट्टे असल्यामुळे वस्तीजवळ असे मोजमाप दिवसेंदिवस अवघड होत आहे. म्हणूनच भारताचा सहभाग असलेली एसकेए (स्क्वेअर किलोमीटर ॲरे) ही पुढची महादुर्बीण दक्षिण आफ्रिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशांत उभी राहत आहे.