मूळ फाईल आणा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको
व्हिडिओ-निर्मिती वर्गाचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळा यांच्यासाठी माहितीपत्रक, इंदूर

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही इंदूरमध्ये व्हिडिओ-निर्मितीचे वर्ग घेतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या पाल्याने नाव नोंदवले आहे किंवा तो नोंदवण्याच्या विचारात आहे, असे गृहीत धरून हे पत्रक लिहिले आहे. अभ्यासक्रमाची रूपरेषा येथे पुन्हा देत नाही. प्रत्येक तुकडीत संकलनाच्या (एडिटिंगच्या) पहिल्याच तासाला जी अडचण येते आणि जिच्यापायी शिकवण्याचा वेळ निस्तरण्यात जातो, ती टाळता यावी एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. विद्यार्थी चित्रीकरण मन लावून करतो, कोन विचारपूर्वक निवडतो, कधी कधी तर आम्हालाही सुचला नसता असा शॉट घेऊन येतो. पण संगणकावर उतरवायला जी क्लिप देतो ती मित्राने किंवा आईने व्हॉट्सॲपवरून पाठवलेली असते.

अशी क्लिप मोबाइलच्या पडद्यावर चांगलीच दिसते, त्यामुळे तिच्यात काय बिघडले आहे हे पालकांना पटवून देणे आम्हाला जड जाते. आयफोनवर 1080पी दर्जाचे, सेकंदाला 30 फ्रेमचे एक मिनिटाचे चित्रीकरण नव्या पद्धतीने साठवले तर सुमारे 60 एमबी आणि जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीने साठवले तर सुमारे 130 एमबी जागा घेते. फोर-के दर्जाचे तेच मिनिट नव्या पद्धतीतही सुमारे 170 एमबी घेते. व्हिडिओ म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप ही फाईल दाबून तिच्या काही अंशाएवढी करते, आणि एचडीचा पर्याय निवडला तरी दाबणे थांबत नाही, फक्त थोडे कमी होते. संदेश पटकन पोहोचावा म्हणून केलेली ती सोय आहे, त्यात व्हॉट्सॲपचा दोष नाही. मात्र या दाबण्यात जी माहिती गाळली जाते ती पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती अंधाऱ्या दृश्यांना. इंदूरच्या सराफा बाजाराचेच उदाहरण घ्या. दिवसा जिथे दागिन्यांची दुकाने चालतात तिथेच रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, आणि हा बदल टिपण्याचा मोह आमच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीतल्या कोणाला तरी होतोच. भुट्ट्याच्या किसाच्या कढईवरचा उजेड, त्यामागे अर्धवट अंधारात बंद शटर आणि वर चढणारी वाफ हे दृश्य मूळ फाईलमध्ये सुरेख असते. दाबलेल्या फाईलमध्ये मात्र अंधाराच्या जागी चौकोनी ठिपके हलताना दिसतात आणि वाफेचे तर ठोकळेच होतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, चित्रित करणाऱ्यांचेही हेच होते, कारण तिथे काळोखही आहे आणि हजारो लुकलुकणारे दिवेही आहेत, आणि दाबणाऱ्या यंत्रणेला या दोन्ही गोष्टी सर्वांत अवघड जातात. अशा क्लिपवर विद्यार्थी रंग सुधारायला किंवा फ्रेम थोडी जवळ घ्यायला गेला की दोष आणखी उठून दिसतो, आणि चित्रपट तयार होताना फाईल पुन्हा एकदा दाबली जाते ती वेगळीच.

दुसरे नुकसान क्रमाचे. अँड्रॉइड फोनच्या मूळ फाईलच्या नावात बहुधा तारखेबरोबर तास, मिनिट आणि सेकंदही असतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलच्या नावात तारीख आणि तिच्यापुढे डब्ल्यूए (WA) ही अक्षरे व एक क्रमांक एवढेच उरते, आणि ती तारीखही चित्रीकरणाची असेलच असे नाही. चाळीस क्लिपांमधून कोणती आधीची, कोणती नंतरची आणि मुलाखतीचा दुसरा प्रयत्न कोणता, हे शोधण्यात अख्खा तास जातो. नावातली ही दोन अक्षरे पाहूनच आम्ही फाईल ओळखतो, तेव्हा विद्यार्थ्यांनी फाईलचे नाव बदलून आणू नये.

यावर काही पालक म्हणतात, शाळेचा प्रकल्प तर आहे, एवढा आग्रह कशाला? आमचे म्हणणे असे की दर्जा, रंग आणि आवाज यांवर काम करायला शिकवणे हाच या वर्गाचा निम्मा भाग आहे, आणि ज्या फाईलमध्ये काम करण्याजोगे काही उरलेलेच नाही तिच्यावर आम्ही काय शिकवणार? म्हणूनच डब्ल्यूए असलेल्या क्लिपा आम्ही परत पाठवतो आणि मूळ फाईल आल्यावरच संकलनाला बसवतो. हे काहींना जाचक वाटते, याची आम्हाला कल्पना आहे. अपवाद एकच: आजोबांची जुनी क्लिप किंवा नातेवाइकांनी परगावाहून पाठवलेले दृश्य असे जे पुन्हा मिळवता येणारच नाही, ते आम्ही आहे तसे वापरू देतो.

मूळ फाईल आणायची कशी

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फोनच वर्गात आणणे आणि सोबत त्याची डेटा केबल आणणे. चार्जिंगच्या काही स्वस्त केबलींमधून फक्त वीज जाते, फायली जात नाहीत. तेव्हा घरी एकदा तपासून पाहावे. आयफोनच्या फोटोज ॲपच्या सेटिंगमध्ये संगणकाला फायली देताना मूळ स्वरूप कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो निवडलेला असावा.

पेन ड्राइव्ह आणणार असाल तर तो कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे ते पाहा. जुन्या फॅट32 पद्धतीच्या ड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाईल जातच नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. संमेलनाचे सलग चित्रीकरण केलेल्यांना हा अनुभव हमखास येतो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास प्रश्न सुटतो, परंतु फॉरमॅट करताना आधीचे सर्व काही पुसले जाते, आणि घरातला पेन ड्राइव्ह बहुधा वडिलांच्या कार्यालयाचा असतो. कृपया आधी विचारून घ्यावे.

व्हॉट्सॲपशिवाय इलाजच नसेल, तर क्लिप व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. तशी ती न दाबता, आहे तशी येते आणि 2 जीबीपर्यंतची फाईल चालते. गुगल ड्राइव्हवर टाकलेली फाईलही मूळ स्वरूपातच राहते, मात्र गुगलची मोफत 15 जीबी जागा जीमेल आणि फोटो यांच्यासह सामायिक असते. गुगल फोटोजमध्ये जागा वाचवण्याचा पर्याय सुरू असेल तर तिथली प्रत मूळ नव्हे, कारण 1080पीहून मोठे व्हिडिओ तिथे लहान केले जातात.

आणि फाईल आमच्या संगणकावर उतरली म्हणून फोनमधून लगेच पुसू नये. संकलनाचे सॉफ्टवेअर क्लिपा स्वतःजवळ ठेवत नाही, कोणती क्लिप कोठे आहे एवढीच नोंद ठेवते. फाईल हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती पुसली, की टाइमलाइनवर (क्लिपा क्रमाने मांडतात त्या पट्टीवर) क्लिपच्या जागी लाल फलक दिसतो आणि विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती असल्याशिवाय तिसरी पुसायची नाही, हा आमचा नियम आहे. वर्गाच्या काळात प्रत्येकाच्या क्लिपांची एक प्रत आम्ही आमच्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि त्याचे वेगळे शुल्क घेत नाही.

इतर काही प्रश्न

कॅमेरा विकत घ्यावा का, असे वारंवार विचारले जाते. पहिल्या अभ्यासक्रमासाठी घेऊ नये. हातातला फोन, वीस-तीस सेकंद स्थिर उभे राहण्याची सवय आणि कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक एवढे पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी माइकवर करावेत, कारण चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण न ऐकू येणारी मुलाखत पाहत बसत नाही.

घरातल्या दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे का सरकतात, हाही नेहमीचा प्रश्न आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग स्वतः ठरवता येते) शटरचा वेळ 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवल्यास पट्टे बहुधा जातात. शक्य असेल तिथे सेकंदाला 25 फ्रेम निवडाव्यात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये त्यासाठी पाल (PAL) या 25 फ्रेमच्या व्हिडिओ पद्धतीचा पर्याय आहे.

प्रकल्प तुम्हीच संकलित करून द्या, पैसे घ्या, अशी विनंतीही परीक्षेच्या सुमारास येते. ते काम आम्ही स्वीकारत नाही. विद्यार्थी शेजारी बसणार असेल तर मात्र तासाप्रमाणे मार्गदर्शन जरूर करतो, मराठीतून, हिंदीतून किंवा दोन्ही मिसळून.

विद्यार्थ्यांचे चित्रपट आम्ही पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही प्रसिद्ध करत नाही. ज्यांचे चित्रीकरण केले, विशेषतः इतर मुलांचे, त्यांच्या घरच्यांची परवानगी विद्यार्थ्याने स्वतः घ्यायची असते, आणि ती कशी मागावी हेही वर्गात शिकवले जाते.

शाळांसाठी

सीबीएसईच्या कौशल्य विषयांमध्ये अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज हा विषय आहे, आणि तो घेणाऱ्या शाळा प्रात्यक्षिकांसाठी आमच्याकडे विचारणा करतात. आम्ही शाळेत येऊन कार्यशाळा घेतो. त्याआधी संगणक-कक्ष एकदा पाहून जातो, आणि या पाहणीचे शुल्क नाही. आम्ही जे मोफत सॉफ्टवेअर शिकवतो, त्या दाविंची रिझॉल्व्हसाठी संगणकात 16 जीबी रॅम असलेली बरी; ती नसल्यास क्लिपांच्या हलक्या प्रती बनवून काम भागवता येते, मात्र त्यासाठी शाळेने मूळ फायली कार्यशाळेच्या किमान दोन दिवस आधी पोहोचवाव्यात.

उन्हाळी तुकडीची नोंदणी वार्षिक परीक्षा संपताच सुरू होते. पहिल्या दिवशी फोन, केबल आणि फोनमध्ये निदान 10 जीबी मोकळी जागा असावी. माइक नसेल तर आमच्याकडचा वर्गापुरता वापरायला मिळेल, आणि तोच आवडला तर तसाच नवा मागवून देण्याची सोय आहे.