गोठलेला पाइप नेमका कुठे फुटतो?

गोव्यात नळाचे पाणी गोठत नाही. आपल्याला बर्फ भेटतो तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात किंवा मासळीबाजारातल्या पेट्यांत. तरीही हा विषय आता अनेक गोमंतकीय घरांत निघतो, कारण घरातले कोणीतरी इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या शहरात जाऊन राहिलेले असते. माझा भाचा तिथेच असतो. गेल्या थंडीत त्याच्या घराच्या माळ्यावर तांब्याच्या पाइपातले पाणी गोठले. पाइप फुटला मात्र तिथून बराच पुढे, न्हाणीघराच्या नळाजवळ, जिथे बर्फाचा मागमूसही नव्हता. "मामा, बर्फ एकीकडे आणि फुटलं दुसरीकडे, हे कसं?" असे त्याने फोनवर विचारले, आणि तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकतो आणि त्यावरून बर्फच पाइपाला आतून ढकलून फोडतो असे मानून मोकळे होतो. गच्च भरून बंद केलेल्या काचेच्या बाटलीपुरते ते खरे आहे. पाइपात बर्फ भिंतीकडून मध्याकडे वाढत जातो आणि त्याच्या फुगण्याने सरकणाऱ्या पाण्याला तोवर वाट मोकळी असते. मध्यावर बर्फ जुळून त्याचे बूच झाले की मात्र पाण्याचे दोन भाग पडतात. बुचाच्या मागचे पाणी मुख्य वाहिनीकडे परत सरकू शकते. बुचापासून बंद नळापर्यंतचे पाणी कोंडले जाते.

आता थोडे गणित करू. पाणी दाबून १ टक्क्याने आक्रसायचे तर वातावरणाच्या, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या, दाबाच्या सुमारे २२० पट दाब लागतो. समजा, कोंडलेले पाणी १ लिटर आहे. त्यातले जेमतेम ११० मिलिलिटर गोठले, तरी सुमारे १० मिलिलिटर जास्तीची जागा लागते, म्हणजे तोच १ टक्का. पाइप थोडा ताणला जातो आणि त्यामुळे दाब काहीसा कमी राहतो, हे धरूनही घरातल्या नेहमीच्या पुरवठ्याच्या दाबापेक्षा तो कितीतरी पट जास्त होतो. शिवाय तो कोंडलेल्या पाण्यात सगळीकडे सारखाच पसरतो, त्यामुळे पाइप जिथे किंवा जोड जिथे कमजोर, तिथे फुटतो. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

या दाबालाही मर्यादा आहे आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. दाब वाढला की पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, दर एका वातावरणाइतक्या दाबामागे सुमारे ०.००७४ अंश सेल्सिअसने. म्हणून उणे १ अंशाला दाब साधारण १३० वातावरणांवर पोचला की बर्फाची वाढ थांबते. पारा जितका खाली जाईल, तितकी ही मर्यादा वर सरकते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी माळ्यावरच्या वेष्टन नसलेल्या पाइपांवर प्रयोग करून बाहेरचे तापमान उणे ६.७ अंशांच्या आसपास गेले की धोका सुरू होतो, असे दाखवले होते.

पाण्याला गोड शब्द ऐकवले की त्याचे हिमस्फटिक देखणे होतात, असा दावा करणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. पाणी तापमान आणि दाब यांना जुमानते, शब्दांना नव्हे, आणि असल्या दाव्यांपायी त्याचे खरे नवल झाकले जाते याचे मला वाईट वाटते.

कडाक्याच्या थंडीत नळाची बारीक धार चालू ठेवावी, असे तिथे सांगतात. वाहते पाणी गोठत नाही, हे त्याचे प्रचलित कारण अर्धेच आहे, कारण थंड देशांत वाहत्या नद्याही गोठतात. नळ किंचित उघडा असला की बुचापुढच्या पाण्याला वाट मिळते आणि दाब साठत नाही, हे महत्त्वाचे कारण आहे. पाइपाभोवतीचे वेष्टन स्वतः उष्णता देत नाही, फक्त ती निसटण्याचा वेग कमी करते. म्हणून भिंतीतल्या ज्या फटीतून गार वारा थेट पाइपावर येतो, ती बुजवणेही तितकेच आवश्यक आहे.

पाइप गोठलाच, तर आधी नळ उघडावा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने बर्फाकडे सरकत जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. पेटती ज्योत पाइपाजवळ कधीही नेऊ नये. गळती पुष्कळदा बर्फ वितळल्यावरच दिसते, कारण तोवर त्या बुचाने पाणी अडवून धरलेले असते. म्हणून घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे आधीच पाहून ठेवावे. इंग्लंडमधल्या घरांत तो बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो.