प्लगइनची दुबार नोंद

बिल्ड फाइलमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम कसा तयार करायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, एकच प्लगइन (त्या कामातली एखादी पायरी करणारा जोडभाग) दोन ठिकाणी घोषित झाले की त्याला दुबार नोंद म्हणतात. जावा प्रकल्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या अपाची मेव्हन या बिल्ड साधनात हा प्रकार वारंवार दिसतो. मेव्हन प्लगइन ओळखते ते ग्रुप आयडी (बनवणाऱ्या गटाची ओळख) आणि आर्टिफॅक्ट आयडी (प्लगइनचे नाव) यांवरून. आवृत्ती वेगळी असली तरी नोंद दुबारच. ग्रुप आयडी लिहिलाच नसेल, तर ‘ऑर्ग डॉट अपाची डॉट मेव्हन डॉट प्लगइन्स’ असा धरला जातो. त्यामुळे दिसायला वेगळ्या नोंदीही एकाच प्लगइनच्या निघू शकतात.

मुंबईत सीप्झ, पवई, मालाडच्या कचेऱ्यांतून सांभाळल्या जाणाऱ्या बँकांच्या जावा प्रणाली वर्षानुवर्षे चालतात. टीम बदलतात, पॉम फाइल (मेव्हनची बिल्ड फाइल) तीच राहते. दोघांनी आपापल्या ब्रँचमध्ये (कोडच्या स्वतंत्र शाखेत) फाइलच्या दोन टोकांना तेच प्लगइन टाकले, तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट दोन्ही बदल विनातक्रार मर्ज करते.

2010 मध्ये आलेले मेव्हन 3 अशा नोंदीबद्दल ओळ क्रमांकासह इशारा देते, पण बिल्ड थांबवत नाही. खरी गोम इथेच आहे. इशारा लॉगच्या सुरुवातीला छापला जातो आणि लोक पाहतात ती शेवटची ‘बिल्ड सक्सेस’ची ओळ. दरम्यान मेव्हनने दोन्ही नोंदी एकत्र केलेल्या असतात. एकाच सेटिंगच्या दोन किमती असतील तर खालची चालते. वर कंपायलर प्लगइनचे ‘रिलीज’ (कोणत्या जावा आवृत्तीसाठी कंपाइल करायचे ते) 17 केले आणि खाली जुने 8 राहिले, तर कोड 8 साठीच कंपाइल होतो.

पण म्हणून वरची नोंद ‘निकामी’ समजून उडवणे धोक्याचे. खालच्या नोंदीत नसलेली तिची सेटिंग्ज लागू असतात. ॲनोटेशन प्रोसेसरचा (कोडमधल्या खुणा वाचून कंपाइल होताना काम करणाऱ्या साधनाचा) पाथ त्यातच असू शकतो. आधी ‘हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम’ (सगळे एकत्र करून मेव्हन प्रत्यक्षात वापरते ती पॉम दाखवणारी आज्ञा) चालवून निकाल जपावा, मग नोंदी एक कराव्यात आणि पुन्हा चालवून दोन्ही निकाल ताडून पाहावेत. एकाच प्लगइनकडून दोन कामे हवी असल्यास एका नोंदीत दोन एक्झिक्युशन (प्लगइनने कधी, काय करायचे ते सांगणारे भाग) द्यावीत. त्यांचे आयडी मात्र वेगळे हवेत: आयडी गाळला तर तो ‘डिफॉल्ट’ ठरतो, आणि तोच आयडी दोनदा आला की मेव्हन बिल्ड तिथेच पाडते.

पॉममधल्या ‘प्लगइन मॅनेजमेंट’ विभागात आवृत्ती ठरवून ‘प्लगइन्स’ विभागात तेच प्लगइन घेणे ही दुबार नोंद नव्हे, पेरेंट पॉममधले प्लगइन तिच्या सेटिंग्ज वारशाने घेणाऱ्या चाइल्ड पॉममध्ये पुन्हा लिहिणेही नाही. ग्रेडल हे दुसरे बिल्ड साधन याबाबत कडक आहे: ‘प्लगइन्स’ ब्लॉकमध्ये तेच प्लगइन पुन्हा मागितले तर ते आधी कोणत्या ओळीवर आले हे सांगून बिल्ड नाकारते. जुन्या ‘अप्लाय’ पद्धतीत मात्र दुसऱ्या वेळेकडे ते मुकाट्याने काणाडोळा करते.