महाभियोग, युद्धाच्या कारणावरून

पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाने घटनेबाहेर जाऊन किंवा संसदेला फसवून युद्ध केले, या आरोपावरून त्याला पदच्युत करण्याची कारवाई. या प्रश्नाचा खल सर्वांत जास्त झाला तो अमेरिकेत; कारण तिथे युद्धाचा अधिकार काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला; प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहे) आणि सेनेचे आधिपत्य राष्ट्राध्यक्षाला, असे घटनेने मुद्दाम दोन वेगळ्या हातांत दिले आहे. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डॉनल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) अशा तिघा राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग मंजूर झाला. यांतला एकही अमेरिकेने केलेल्या युद्धाबद्दल नव्हता. असे का झाले, हे पाहिल्याशिवाय तो न्याय्य आहे का या प्रश्नाला हात घालता येत नाही.

महाभियोगाची रीत दोन टप्प्यांची आहे. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने दोषारोप मंजूर करते. मग सिनेटपुढे खटला चालतो, सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात आणि हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी दोषी ठरवले तर राष्ट्राध्यक्ष पदावरून जातो. कारणे घटनेत तीनच दिली आहेत : राजद्रोह, लाचखोरी आणि ‘अन्य घोर अपराध व गैरवर्तन’. सगळा वाद या तिसऱ्या शब्दसमूहाचा आहे.

हे शब्द आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती. १७ ऑगस्टला ‘युद्ध करणे’ हा काँग्रेसचा अधिकार बदलून तो ‘युद्ध जाहीर करणे’ असा झाला. अचानक हल्ला आला तर तो परतवण्यापुरता राष्ट्राध्यक्षाचा हात मोकळा राहावा, एवढाच या बदलाचा हेतू होता. स्वतःहून युद्ध सुरू करण्याची मुभा त्यात नव्हती. पुढे ८ सप्टेंबरला व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले. फक्त राजद्रोह आणि लाच यांवर का थांबायचे, असे विचारून त्यांनी उदाहरण दिले बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचे : त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप नाही, तरी त्याचे अपराध मोठे आहेत. मेसन यांनी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. शब्द इतका सैल ठेवला तर सिनेटची मर्जी असेतोवरच राष्ट्राध्यक्ष पदावर राहील, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मेसन यांनी तो मागे घेऊन ‘घोर अपराध व गैरवर्तन’ हे इंग्लंडच्या संसदेत रुळलेले शब्द घातले.

मराठी वाचकाला हेस्टिंग्जचे नाव इथे भेटते तेव्हा थबकायला होते. एडमंड बर्क यांनी १७८६ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे त्याच्यावर २२ आरोप ठेवले, त्यांतला विसावा मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा आणि तहाचा होता. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये रघुनाथरावाशी सुरतेला तह केला, हेस्टिंग्ज ज्याचा प्रमुख होता त्या कलकत्त्याच्या सरकारने तो धिक्कारून पुरंदरचा तह केला, आणि पुढे त्याच कलकत्त्याने मुंबईकरांच्या पाठीशी फौज धाडली. वडगावची नामुष्की पदरी घेऊन १७८२ मध्ये सालबाईला हे प्रकरण मिटले. बर्क यांचा सर्वांत पहिला आरोपही युद्धाचाच होता, १७७४ च्या रोहिल्यांवरील स्वारीचा. कॉमन्स सभागृहाने तो ६७ विरुद्ध ११९ मतांनी फेटाळला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे खटला रेंगाळला. त्यात बनारसच्या चेतसिंगाचा छळ, अवधच्या बेगमांची लूट, नजराणे आणि ठेके यांचा कीस निघाला. मराठ्यांच्या युद्धाचा आरोप कागदावरच राहिला. शेवटी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. युद्धाचा आरोप आधी गळून पडतो आणि पैशाचा, खाजगी वागण्याचा आरोप मागे उरतो, ही खोड महाभियोगाला तेव्हापासूनच लागलेली दिसते.

अमेरिकेत पहिली कसोटी मेक्सिकोच्या युद्धाची. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी १८४६ मध्ये वादग्रस्त सीमाभागात सैन्य धाडले, चकमक झाली, आणि अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकनांचे रक्त सांडले असे सांगून त्यांनी काँग्रेसकडून युद्धाची घोषणा मिळवली. इलिनॉयहून नुकतेच निवडून आलेले अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर १८४७ मध्ये प्रश्न टाकला : रक्त सांडले ती नेमकी जागा कोणती, तेवढी दाखवा. जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधिगृहाने हे युद्ध राष्ट्राध्यक्षाने ‘विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने’ सुरू केल्याचा शेरा थोड्या मतांच्या फरकाने मंजूर केला. घटनाबाह्य असे सभागृह स्वतः म्हणते आणि तरी महाभियोग मांडत नाही! पोक यांनी मुदत पुरी केली, मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेला जोडला गेला, आणि विजयी युद्धाची चौकशी करायला कोणाला सवड उरली नाही.

खरा निर्णायक प्रसंग मात्र कंबोडियाचा. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १८ मार्च १९६९ रोजी, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या आदेशाने अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी तटस्थ कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक सुरू केली. ती मे १९७० पर्यंत चालली. साडेतीन हजारांहून अधिक उड्डाणे झाली. लक्ष्य केलेल्या पट्ट्यांना न्याहारी, दुपारचे जेवण, फराळ अशी सांकेतिक नावे होती. त्या पट्ट्यांत व्हिएतनामी सैन्याच्या तळांबरोबर कंबोडियन खेडूतही राहतात, हे लष्कराच्या स्वतःच्या टिपणात नोंदलेले होते.

ही गोष्ट लपवली कशी, ते हॅल नाइट या हवाई दलातल्या मेजरने १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. तो दक्षिण व्हिएतनाममधल्या बिएन होआ येथील रडार केंद्रावर होता. संध्याकाळी विमानाने एक निरोप्या येई आणि त्याच्या हातात लिफाफा देई. त्यात रात्रीच्या खऱ्या लक्ष्यांचे आकडे असत. नाइट ते रडारवरच्या माणसांना देई, विमाने त्या बरहुकूम वळवली जात आणि बॉम्ब सीमेपलीकडे पडत. काम उरकले की आकडेमोडीचे कागद, नकाशावरच्या खुणा, सगळे गोळा करून तो जपून ठेवी आणि उजाडल्यावर जाळी. मग सायगावच्या एका क्रमांकावर फोन करून ठरलेले वाक्य बोले : सामना संपला. नोंदवहीत मात्र बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्येच पडल्याचे खोटे आकडे चढत. युद्धाला पैसा मंजूर करणारी काँग्रेस ज्या कागदांवर विसंबून होती, ते कागदच बनावट होते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सदस्यांच्या कानावर गोष्ट घातलेली होती, बाकीचे अंधारात होते.

३१ जुलै १९७३ रोजी मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट ड्रिनन यांनी निक्सन यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला. ड्रिनन हे जेझुइट धर्मगुरू. वॉटरगेटचा (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याच्या प्रकरणाचा) धुरळा उडत असताना त्यांच्या मनात पहिला होता तो कंबोडियाचा प्रश्न. वर्षभराने, ३० जुलै १९७४ ला, प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत मिशिगनचे जॉन कॉन्यर्स यांनी त्याच विषयाचे दोषारोपाचे कलम मांडले. ते १२ विरुद्ध २६ मतांनी पडले. सतराही रिपब्लिकन विरोधात गेले आणि त्यांना नऊ डेमोक्रॅट येऊन मिळाले, त्यांत समितीचे अध्यक्ष पीटर रोडिनोही होते. न्यायात अडथळा, अधिकारांचा गैरवापर आणि समितीच्या समन्सांची अवहेलना ही तीन कलमे त्याच आठवड्यात मंजूर झाली. ९ ऑगस्टला निक्सन यांनी राजीनामा दिला.

यातला धागा फार थोड्यांच्या लक्षात राहतो. ९ मे १९६९ ला न्यूयॉर्क टाइम्सने कंबोडियावरील बॉम्बफेकीची बातमी छापली. ती फोडली कोणी, हे शोधण्यासाठी निक्सन प्रशासनाने अधिकाऱ्यांचे आणि पत्रकारांचे फोन चोरून ऐकायला सुरुवात केली. हे फोन ऐकणे दुसऱ्या मंजूर कलमात आले. म्हणजे बॉम्बफेक लपवण्यासाठी केलेला अपराध महाभियोगाला पात्र ठरला आणि बॉम्बफेक ठरली नाही. समितीचा तो निर्णय चुकला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. फोन ऐकले गेले त्या माणसांना वॉशिंग्टनमध्ये आवाज होता. सीमेपलीकडच्या खेडुतांना नव्हता.

विरोधी बाजूचे म्हणणे मात्र वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. युद्ध करावे की नाही हा राजकीय विवेकाचा प्रश्न आहे, त्यातल्या चुकीला अपराध म्हटले तर मॅडिसन यांनी नाकारलेला ‘गैरकारभार’ मागच्या दाराने परत येतो. प्रत्येक युद्ध पक्षीय भांडणाचा विषय होईल आणि लढणाऱ्या सैनिकाला आपल्यामागे कोण उभे आहे ते कळणार नाही. शिवाय काँग्रेसचे हात स्वच्छ आहेत कुठे? औपचारिक युद्धघोषणा तिने शेवटची केली ती १९४२ मध्ये. टॉन्किन आखाताच्या ठरावाने १९६४ मध्ये तिने व्हिएतनाममध्ये राष्ट्राध्यक्षाला मोकळे रान दिले; प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नव्हते, सिनेटमध्ये दोनच होती. पैसा वर्षानुवर्षे मंजूर करायचा आणि मग राष्ट्राध्यक्षाला गुन्हेगार म्हणायचे, हे पटत नाही. १९७४ च्या समितीत हाच मुद्दा अनेकांना पटला.

पण ज्याला विचारलेच नाही त्याची संमती कशी धरायची? नॉर्थ कॅरोलायनाचे जेम्स आयर्डेल यांनी १७८८ मध्ये, घटना मंजूर होत असतानाच, हा भेद करून ठेवला आहे. निर्णय चुकला म्हणून महाभियोग नको. पण राष्ट्राध्यक्षाने सिनेटला खोटी माहिती दिली, महत्त्वाची गोष्ट दडवली आणि त्या आधारावर देशाला हानिकारक पाऊल उचलायला लावले, तर तो शिक्षेला पात्रच आहे. युद्ध शहाणपणाचे होते का, हा प्रश्न मतदारांचा. ठरवण्याचा अधिकार ज्यांचा होता त्यांच्याकडून तो चोरला गेला का, हा महाभियोगाचा.

दुसरे कारण व्यवहारातले आहे. निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने नोव्हेंबर १९७३ मध्ये युद्धाधिकार कायदा केला : सैन्य धाडल्यापासून ४८ तासांत कळवायचे, संमती नसेल तर ६० दिवसांत (फार तर आणखी ३० दिवसांत) लढाई थांबवायची. राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना युद्ध थांबवण्याची सोयही त्यात होती. पण १९८३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आता युद्ध थांबवण्याचा ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जातो, तो त्यावर नकाराधिकार वापरतो, आणि मग दोन तृतीयांश मते लागतात. येमेनबाबत २०१९ मध्ये आणि इराणबाबत २०२० मध्ये हेच घडले. घटनेने युद्ध सुरू करायला बहुमत मागितले होते. आज ते थांबवायला दोन तृतीयांश लागतात. न्यायालये हा राजकीय प्रश्न म्हणून हात झटकतात. १९९९ मध्ये कोसोव्होच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक चालली, त्या काळात प्रतिनिधिगृहात संमतीचा ठराव २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत पडला, सदस्य न्यायालयात गेले, आणि तुम्हाला दाद मागण्याचा हक्क नाही एवढेच ऐकून परतले. तेव्हा खर्चाच्या थैलीचे तोंड आवळणे आणि महाभियोग, अशी दोनच साधने उरतात. दुसरे वापरायचेच नाही असे ठरवले तर राष्ट्राध्यक्षाला धाक कशाचा?

भारतात हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. अनुच्छेद ६१ नुसार राष्ट्रपतींवर घटनाभंगाबद्दल महाभियोग चालवता येतो, पण युद्धाचा निर्णय मंत्रिमंडळाचा असतो आणि मंत्रिमंडळ लोकसभेच्या विश्वासावर उभे असते. १९६२ मध्ये चीनकडून पराभव झाल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला गेले, आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठीत कायमचे रुजले. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारवर अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, तरी पंतप्रधानांना सभागृहात बसून सगळे ऐकावे लागले. त्यासाठी कोणाला अपराध सिद्ध करावा लागला नाही. ठरलेल्या मुदतीचा राष्ट्राध्यक्ष असलेल्या देशात ही सोय नसते.

इराक युद्धाला काँग्रेसने ऑक्टोबर २००२ मध्ये संमती दिली होती. आरोप होता तो ही संमती सर्वसंहारक शस्त्रांच्या खोट्या चित्रावर मिळवल्याचा, म्हणजे नेमका आयर्डेल यांचा. ९ जून २००८ रोजी ओहायोचे डेनिस कुसिनिच यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यावर ३५ दोषारोप सभागृहात उभे राहून कित्येक तास वाचले. ठराव २५१ विरुद्ध १६६ मतांनी न्यायविषयक समितीकडे गेला. तिचे अध्यक्ष तेव्हा जॉन कॉन्यर्सच होते, ३४ वर्षांपूर्वी कंबोडियाचे कलम मांडणारे. त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेतृत्वाने महाभियोग होणार नाही असे आधीच जाहीर केले होते. ठराव समितीतच पडून राहिला.

लिबियावरील २०११ च्या हवाई मोहिमेत बराक ओबामा यांच्या प्रशासनाने, ही कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’च नव्हे, असा युक्तिवाद करून ६० दिवसांची मुदत ओलांडली. त्यावर रिपब्लिकन वॉल्टर जोन्स यांनी मार्च २०१२ मध्ये ठराव मांडला, की काँग्रेसच्या संमतीविना आक्रमक युद्ध करणे हा महाभियोगास पात्र अपराध मानावा. तो मतदानापर्यंत पोहोचला नाही. २२ जून २०२५ रोजी ट्रम्प यांच्या आदेशाने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्बफेक झाली, तीही काँग्रेसला न विचारता. दोन दिवसांनी टेक्सासचे अल ग्रीन यांनी त्याच कारणावरून मांडलेले महाभियोगाचे कलम ७९ विरुद्ध ३४४ मतांनी बाजूला ठेवण्यात आले. ग्रीन यांच्या स्वतःच्या पक्षातले बहुसंख्य सदस्य ते बाजूला ठेवणाऱ्यांत होते.